बुजवायला काढलेली विहीर

कॉलेज, महापालिका आणि सोसायटी अशा तिघांना एका विहिरीभोवती आणून बसवलं, की पाणी साठेल न साठेल, किस्से मात्र नक्की साठतात! आमच्या विश्रांतवाडीच्या विहिरीचे तर इतके साठलेत, की चहाला कुणी भेटलं की एखादा बाहेर पडतोच. आज हसून सांगतो, पण त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली होती.

* * *

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. आयटीवाल्यांसाठी शेतांवर बिल्डिंगा उठल्या आणि एका सोसायटीच्या आवारात शेतातली जुनी विहीर तेवढी उरली. गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात मुरवायचं, अशी आमची योजना. पहिल्याच मीटिंगला पालिकेचे इंजिनिअर कदमसाहेब म्हणाले, "योजना उत्तम! मे महिन्यात विहिरीत पाणी दिसलं तर ठेवू. नाही दिसलं तर बुजवून पार्किंग!"

मुरवलेलं पाणी मे महिन्यात विहिरीत दिसेलच, याची हमी कोण देणार?

* * *

पार्किंग हवं होतं बी विंगच्या वानखेडेंना. अकोल्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला तरुण, दारात नवी कोरी गाडी. मी समजावलं, "अहो, विहिरीत मुरलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल."

"आमची बोअर तर मार्चातच बंद पडते जी! डेटा दाखवा सर, मग बोलू."

डेटा कुठून आणू? उणापुरा एक पावसाळा झाला होता!

* * *

ए विंगच्या केळकरकाकू आमच्या बाजूने होत्या. निवृत्त शिक्षिका, जन्म नारायण पेठेतला. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांना 'कम्युनिटी पार्टिसिपेशन'वर तासभर स्लाइड्स दाखवल्या. काकूंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"छान. आता गच्चीवरचा पाइप कोण साफ करणार? कम्युनिटी, की पार्टिसिपेशन?"

मुलं निमूट शिडी चढली.

* * *

विहिरीतला गाळ काढायला परवानगी हवी होती. पाणीपुरवठा म्हणे ड्रेनेजला विचारा, ड्रेनेज म्हणे उद्यान खात्याला विचारा, उद्यानवाले म्हणे इथे झाडच नाही! मी रडकुंडीला येऊन कदमसाहेबांना गाठलं.

"सर, कुणीच आपली म्हणत नाही ना? मग विहीर तुमचीच समजा. बुजवायची झाली की आमची!"

* * *

मे उजाडला आणि विहिरीचा तळ दिसू लागला. कॉलेजला जाता-येता मी वाकून बघायचो. शेवटी बायको वैतागली.

"अहो, विहिरीत बघून पाणी येत असतं, तर पुण्याला धरणं कशाला बांधली असती?"

खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन वाकलो.

* * *

पाहणीच्या सकाळी काकूंनी मला गेटवरच बाजूला घेतलं. "काल दुपारी दोन टँकर विहिरीत ओतून घेतलेत. पाहुणा येणार म्हटल्यावर घरात हंडा भरून ठेवतोच की आपण!"

साहेबांना कळलं तर कॉलेजची अब्रूच जाणार! तेवढ्यात कदमसाहेबांची जीप आत आलीच. आम्ही तिघे काठावर गेलो आणि वाकलो.

आत ठणठणीत कोरडा खडक!

"दोन्ही टँकर प्यायली मेली!" काकू माझ्या कानात पुटपुटल्या.

साहेबांनी पेन काढलं. "बुजवायला घ्या," ते म्हणाले.

इतक्यात बी विंगच्या जिन्यातून वानखेडे धावत आले. कमरेला टॉवेल, डोक्याला साबणाचा फेस!

"थांबा जी! आमच्या बोअरला पाणी आलं! मे महिन्यात! सकाळी पंप लावून पाहिला, तर धो धो! सर म्हणत होते तसंच झालं!"

कदमसाहेबांनी एकदा कोरड्या विहिरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काकू आभाळाकडे बघत होत्या.

"मग पार्किंग?" साहेबांनी वानखेडेंना विचारलं.

वानखेडे डोळ्यांतला साबण पुसत काठावर आडवे उभे राहिले.

"गाडी राहील रस्त्यावर. ह्या विहिरीत कोणी एक घमेलं माती टाकून दाखवावं!"