नवसीच्या आंब्याची माती

माकुणसारच्या नवसीच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. लोकांचं काय, ते कशालाही हातगुण म्हणतात! नवसीच्या झोपडीमागे तिच्या बापाने लावलेला रायवळ आंबा होता. आसपासची झाडं मुळं कुजून उभ्याउभ्या वाळली, हा मात्र हिरवागार. म्हणून कुणाचं झाड आजारी पडलं की ती याच्या बुंध्याची ओंजळभर माती शेणकाल्यात कालवायची, आठ दिवस सावलीत ओलसर ठेवायची आणि त्या झाडाच्या मुळांशी घालायची. दुधाला विरजण लावतात तसं. ओंजळीपेक्षा जास्त कधी उचलायची नाही, आणि उकरलेल्या जागी पालापाचोळा पसरल्याशिवाय उठायची नाही.

अण्णांच्या चिकूवाडीत ती अकरा वर्षं राबत होती. चौसष्ट साली वाडीत मुळं कुजवणारी मर लागली. अण्णांनी आधी मोरचुदाचं निळं पाणी ओतून पाहिलं. चार झाडं तरीही गेली. त्या झाडांखालची माती मोरचुदाने विषारी झाली म्हणून त्यांनी खणून कुंपणापलीकडे टाकायला लावली. मग नवसीची माती घातली आणि उरलेली वाडी वाचली. शेतकी खात्याचे साहेब तपासायला माती घेऊन गेले, परत येऊन म्हणाले, "यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आहेत. ते मुळांवर बुरशीला वाढू देत नाहीत. हा उपाय कुणाचा?"

"माझाच," अण्णा म्हणाले.

नवसी शेजारीच कुदळ घेऊन उभी होती. मोठ्या माणसाला चारचौघांत मान लागतो, अशी तिने मनाची समजूत घातली. भोळी बाई!

पुढच्या पावसात ती आठ दिवस सफाळ्याकडे भाताच्या लावणीला गेली. परतली तर आंब्याभोवती गुडघाभर खड्डा, मुळं तुटून उघडी पडलेली. अण्णांच्या बैलगाड्या सगळी माती घेऊन गेल्या होत्या. महिन्याभरात आंब्याची पानं पिवळी पडली, मुळांवर बुरशीचा पांढरा थर आला. नवसी संतापून तरातरा वाडीवर गेली.

"अण्णा, माजीच माती हाय. टोपलीभर तरी परत द्या. माजा आंबा जातो."

अण्णांचे डोळे पाणावले. "अगं, तुला मागायची वेळ यावी?" म्हणत ते स्वतः उठले, वाडीच्या मागच्या बाजूने टोपली भरून घेऊन आले आणि आपल्या हातांनी तिच्या डोक्यावर ठेवली. नवसीचा राग तिथेच विरघळला. घरी येऊन तिने ती माती मुळांशी घातली, वरून पाला पांघरला.

दिवाळीपर्यंत आंबा वाळून गेला. साहेब पुन्हा गावात आले तेव्हा तिने मुळांजवळची मूठभर माती त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी ती बोटांनी चाळली. आत निळसर कण होते.

"बाई, यात मोरचूद आहे. यात जिवाणू जगायचे कसे? ही कुणी दिली?"

नवसीला एकदम कुंपणापलीकडचा तो ढीग आठवला. अण्णा तिथे गुरंसुद्धा बांधू देत नसत.

ती आंब्यासाठी रडली नाही. "नाय म्हनले असते तर मी चोरून आनली असती," ती साहेबांना म्हणाली. "त्यांनी आपल्या हातानं भरून दिली ओ. म्हनून मी दुसरीकडं शोधलीच नाय."