खटका धरायच्या आधी

वांगणीतल्या नाचणीच्या चक्कीला पायडल आणि मोटर दोन्ही जोडायचीच, असं मी ठरवलं होतं. कॉम्प्युटरवर मांडलेल्या गणितात सगळं सुरळीत चालायचं. चक्कीवर साखळी तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा ती आणि पायडलचं फ्रीव्हील घेऊन मी मोखाड्याला गेलो. तिथल्या सायकलवाल्याने एकाच बाजूने धरणारं ते चक्र कानाशी नेलं, डोळे मिटले आणि बोटाने सावकाश फिरवलं.

"आतला खटका लगेच नाय धरत. आधी थोडं रिकामं फिरतं. तुमच्या गणितात हाय का ते?"

नव्हतं. माझ्या गणितात खटका क्षणात धरायचा, म्हणून मोटर सुरुवातीलाच पूर्ण जोर लावायची आणि खटका धरताच साखळीला हिसका बसायचा.

मी तुटलेली साखळी पुढे केली. त्याने ती मांडीखाली ठेवली.

"आधी गणित नीट करा. मग जोडतो."

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि ते रिकामं फिरणं गणितात घालायला बसलो. जोडलेली साखळी हातात आली तेव्हा बाहेरचा आठवडी बाजार उठला होता.