आमची डॉक्टरीण जाऊ

खरं सांगते, शिवांजलीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. माझी धाकटी जाऊ, जयराज भावजींची बायको. सांगलीत मानसोपचाराचा दवाखाना हाय तिचा. माहेर माण तालुक्यातलं, बापाची मेंढरं होती. तरी पोरगी शिकत शिकत पार डॉक्टर झाली. मी बारावीला बासष्ट टक्के पाडूनबी कडेगावात उसातलं तण काढत भांगलतीय.

तिची तऱ्हाच निराळी. एकटा पेशंट बघतच न्हाई, सगळं घर घेऊन या म्हणते. सुरवातीला खुर्च्या मांडल्या, तर सासऱ्यापुढं सुना बसंनात, दाराला टेकून उभ्या. मग हिनं खुर्च्याच काढल्या, सतरंजी हाथरली आन सवताबी खाली बसली. तवापासनं सुना बोलायला लागल्या, लांबलांबनं माणसं येऊ लागली. सासूबाई ज्याला त्याला हेच सांगतात. बावीस वर्षं त्यांना गरम भाकरी मी वाढतीय, ते कुणाला सांगत न्हाईत.

आमचे मालक, लालासाहेब, फौजेतनं रिटायर होऊन आले आन बोलायचेच थांबले. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मानपान गिळून मी शिवांजलीकडं गेले. ती म्हणाली, घरच्यांना मी तपासत न्हाई, साताऱ्याच्या डॉक्टरांकडं जाऊ, मी घरातली म्हणून संगं येते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगाची घरं सांधते आन आमाला साताऱ्याला धाडते.

तरी गेलो. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, मनातलं कुणाला सांगावं वाटतं? धाकट्या भावाच्या बायकोपुढं कधी मान वर न केलेला माणूस, त्यांनी शिवांजलीकडं बोट केलं. वर्षभर दर रविवारी तिला फोन लावत होते म्हणे. मी ताडकन उठले. हिच्या झिंज्या धराव्यात असं वाटलं.

“तिनं ऐकून घेतलं न्हाई,” हे म्हणाले. “दर वेळी एकच. दादा, हे ताईंना सांगा. आन फोन ठेवायची.”

“मग मला का सांगितलं न्हाई?”

“काय सांगू? सगळं घर तू एकटीनं वढलंस. मी आलो तर माझ्यावाचून कुणाचं काय अडतच नव्हतं.”

मी खाली बसले.

“आवं, माझं रोज अडत होतं,” मी म्हणाले. बावीस वर्षांत हे एकदाबी तोंडातनं काढलं नव्हतं.

आता हे बोलतात. रानातनं आले की आधी मला हाक मारतात. तरी पहिला फोन तिला लावला, मला न्हाई, ह्याचा राग काय अजून गेलेला न्हाई.