व्याह्यांबरोबर लुक्काच्या तटावर

ज्यांच्यापुढे 'नाही' म्हणता येत नाही अशी माणसं जगात थोडीच असतात, आणि त्यांतलं सर्वांत अवघड माणूस म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. आम्ही दोघंही सस्काटूनमध्ये राहतो, दोघंही रिटायर्ड, दोघांचेही गुडघे कुरकुरतात. पण मी पडलो मुलीचा बाप. इतकी वर्षं कॅनडात काढूनही व्याह्यांनी काही म्हटलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं आणि मग मी विचार करतो. "बाबा, जस्ट से नो," मुलगी म्हणते. तिला बोलायला काय जातंय.

व्याही मूळ नागपूरचे, इथे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते. हिवाळाभर ते बेसमेंटमध्ये स्टँडवर लावलेली सायकल मारतात, तीही मधूनमधून घंटी वाजवत. बेसमेंटमध्ये घंटी कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. "सवय राहिली पाहिजे बाप्पा," ते म्हणाले. उन्हाळ्यात आमच्याकडे जेवायला येतात तेही सायकलवरून, कॅरियरला श्रीखंडाचा डबा बांधून. आमच्याकडचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. त्यामुळे वळण दिसलं की आखणाऱ्याचा हात हलला असणार, असं त्यांचं मत.

गेल्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला. आधी गाडीचं लायसन्स गेलं. मग डॉक्टरनं सांगितलं, या समरनंतर सायकलही बंद. व्याह्यांनी दोन दिवस बेसमेंटमधली सायकल मारली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "इटलीत लुक्का नावाचं गाव आहे. त्याच्याभोवती जुना तट आहे, आणि तटावर सायकल चालवता येते. गाड्या नाहीत, चढ नाही. शेवटची सायकल तिथं मारू. तुम्ही पुढे राहा, मी तुमच्या मागं." मी अर्थातच 'हो' म्हणालो.

विमानानं पिसाला उतरून, भाड्याच्या सायकलींवर आम्ही शेतांमधल्या रस्त्यांनी लुक्काकडे निघालो. मी पुढे, अंगात भडक नारिंगी जॅकेट, आणि ओरडत चाललेला: खड्डा, कुत्रं, वळण. वळणं संपता संपेनात. वाटेत एका आजीबाईंशी व्याही चक्क मराठीत बोलले. हळू बोललं की कुठलीही भाषा समजते म्हणे. समजली असावी, कारण आजीबाईंनी ओंजळभर अंजिरं दिली. मात्र पुढच्या उतारावर त्यांचं चाक गटारात गेलं, कोपर फुटलं. मी हादरलो. यांना काही झालं तर मुलीला काय तोंड दाखवू? बस घेऊ या, असं जिभेवर आलं होतं. ते कोपर पुसून पुन्हा सायकलवर बसलेसुद्धा.

तटावर पोचलो. रुंद, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. "आता तुम्ही बसा," ते म्हणाले, "इथं मला कुणी पुढे नको." मी बाकावर बसलो आणि ते दिसेनासे झाले. जीव टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळानं झाडांमागून घंटी ऐकू आली, मग ते स्वतः आले. घामाघूम, ताठ बसलेले.

समोर थांबून त्यांनी हँडल घट्ट धरून ठेवलं. अंधार पडायला अजून अवकाश होता. "आणखी एक चक्कर मारू का?" त्यांनी विचारलं. याआधी त्यांनी मला कधी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

"दोन मारा," मी म्हणालो.