कमरेत घट्ट

नर्सिंगला गेले तेव्हा पांढरा गणवेश मी शिंप्याकडून मुद्दाम कमरेत घट्ट शिवून घेतला. सिनेमातली नर्स समजत होते स्वतःला! वर कांजी एवढी, की झगा माझ्याशिवायही उभा राहिला असता. आज समोरच्या गच्चीत कुणा मुलीचा तसाच गणवेश वाळतोय आणि इकडे माझा श्वास अडकतोय.

पहिल्याच आठवड्यात वॉर्डात चादर खोचायला वाकले आणि पाठीची शिवण टरकन उसवली. मी भिंतीला पाठ लावून उभी. मेट्रनबाईंनी पाहिलं तर घरी पाठवणार, आणि घरी वडील स्थळं बघून तयारच होते. ज्या कपड्यासाठी घरातून निसटले, त्यातच अडकले होते. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हे शिकवलं होतं. पांढऱ्यात माणूसही लपत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंच्या चपला जिन्यात वाजू लागल्या.

शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली म्हातारी होती. टाके दाबून हसत तिने मला जवळ ओढलं, बांगडीतल्या पिना काढून भराभर पाठीला लावल्या आणि म्हणाली, "रडू नगं गं बाय. फुडल्या खेपेला माप द्यायला जाशील तवा पोटभर जेवून जा."