पानथरी मोजणारे काका

आमच्या चुडाव्यात सगळे एकमेकांना तोंडावरून ओळखत. शेजारचे मलेरियावाले काका मात्र गावाला पानथरीवरून ओळखायचे. पानथरी म्हणजे प्लीहा. घरोघर फिरून तापकऱ्यांचं रक्त काचेवर घ्यायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. पण भरवसा स्वतःच्या बोटांवर. पोर दिसलं की सदरा वर करून डाव्या बरगडीखाली बोटं खुपसलीच. हिवतापानं पानथरी सुजते, एवढं एकच ज्ञान त्यांनी जन्मभर पुरवलं. एका लग्नात अक्षता टाकण्याआधी त्यांनी नवरदेवाचं पोट दाबलं आणि मुलीच्या बापासमोर सांगितलं, "पानथरी दोन बोटं वाढली हाय. आधी गोळ्या खा, मग संसार कर." बाप पुढे महिनाभर काकांशी बोलला नाही.

मी अकरावीत असताना मला ताप भरला. घसा सुजला, मानेत सुपारीएवढ्या गाठी आल्या. काकांनी काच दोनदा तपासायला पाठवली. दोन्ही वेळा मलेरिया निघाला नाही. काच चुकते, बोट चुकत नाही, असं म्हणत ते रोज सकाळी माझी पानथरी मोजू लागले. ती वाढतच होती, आणि खरं सांगतो, त्याचा त्यांना थोडा आनंदच व्हायचा.

एका सकाळी ते दाबून गेले आणि तासाभरात माझा डावा खांदा ठणकायला लागला. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. काकांनीच मला पाठुंगळीला मारून स्टेशन गाठलं. परभणीत डॉक्टरांनी पोट उघडलं तर पानथरी फुटलेली; खांद्यातली कळ तिचीच होती. ती काढूनच टाकावी लागली. हा गाठींचा ताप वेगळा, त्यात तरण्या पोरांची पानथरी क्वचित आपोआपही फुटते, असं त्यांनी काकांना समजावलं. काकांनी ते मनावर घेतलंच नाही.

"माज्याच बोटानं फुटली," ते आईला म्हणाले.

तुमी नेलं म्हणूनच पोरगं हाय, असं आईनं परोपरीनं सांगितलं. पण त्यानंतर काकांनी कुणाचं पोट दाबलं नाही. पोरं आपणहून सदरे वर करायची, काका हात खिशात घालून पुढे जायचे. मला त्यांचा कधीच राग आला नव्हता. ते सांगायचं तेवढं राहून गेलं.

नोकरी लागल्यावर गावी आलो तेव्हा काका थकले होते. मी त्यांच्या बाजेवर बसलो, सदरा वर केला आणि त्यांचा हात ओढून टाक्यांच्या वणाशेजारी ठेवला. म्हटलं, बघा काका, किती बोटं आहे?

जुन्या सवयीनं बोटं हळूच आत गेली, थांबली.

"काईच लागत न्हाई," काका म्हणाले. "चांगला हायस."