कर्कटकाचं छिद्र

पोस्टर कलरचा वास आला की नाशिकच्या शाळेतला तो तास आठवतो. स्पर्धेसाठी मी मुलांना मंडला शिकवत होतो. मध्यावर कर्कटक रोवायचं, वर्तुळं काढायची, पाकळ्या भरायच्या. सुरगाण्याहून आलेल्या एका मुलीचं चित्र सर्वांत देखणं होतं. कागद उजेडाला धरला, तर कर्कटकाचं छिद्रच नाही. "कुठून छापलंस?" मी ओरडलो. "नाय सर, बांगड्या ठेवून काढलं. बक्षीस मिळालं तर बा शाळा सोडवणार नाय." "मग कासाराकडं बस की स्पर्धेला!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. तिने लहानमोठ्या बांगड्या बाकावर मांडल्या. मला पटलं, पण वर्गासमोर शब्द मागे घेववला नाही. चित्र बाद केलं. आठवड्याभरात बापाने तिला द्राक्षमळ्यात कामाला नेलं. तिने छापलं नव्हतं. हे आज लिहितोय, पण तिच्यापर्यंत ते आता कोण पोचवणार?